सेल्फ जड फिरतोय? नवा घेण्याआधी मीटर लावून बघा

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीकडची लाकडी ट्रॉलर, सहा सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन, 24 व्होल्टची वायरिंग. मासेमारीची पावसाळी बंदी उठून बोट पाण्यात उतरल्यापासून सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) जड फिरतो आणि सकाळी तीन-चार वेळा मारल्याशिवाय इंजिन उचलत नाही. दोनपैकी एक बॅटरी नवी टाकली, तरी फरक नाही. आता सेल्फच बदला असे सांगण्यात आले आहे. बदलावा का?

अजून नाही. जड फिरणाऱ्या सेल्फमागे चार ठिकाणे असतात: बॅटरी, केबल आणि त्यांचे जोड, सेल्फ स्वतः, आणि ज्याला तो फिरवतो ते इंजिन. बाहेरून चारही दोष सारखेच दिसतात. लाकडी किंवा फायबरच्या बोटीवर खाऱ्या हवेमुळे दुसरे ठिकाण सर्वाधिक वेळा सापडते, आणि नेमके तेच सर्वात शेवटी तपासले जाते. नवा सेल्फ बसवताना थिंबल (केबलच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेले धातूचे डोळे) खोलून घासले जातात, त्यामुळे इंजिन सुरू होते, श्रेय सेल्फला मिळते आणि दोन महिन्यांत तक्रार परत येते. म्हणून आधी मोजायचे, मग खोलायचे.

साधने फार लागत नाहीत. डिजिटल मल्टीमीटर, बॅटरीच्या पाण्याचा हायड्रोमीटर आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. शेवटच्याबाबत दुकानात नीट बघून घ्या: स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसीचा प्रवाह मोजतात, ते इथे उपयोगाचे नाहीत. निदान 600 अँपिअरपर्यंत डीसी दाखवणारा हवा.

सुरुवातीला सुरक्षिततेचे. गिअर न्यूट्रलमध्ये, विंचचा क्लच सुटलेला. हातातले घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवा. 24 व्होल्टचा झटका बसत नाही, पण पाना दोन टर्मिनलांवर पडला तर तो लाल होतो. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि इंजिनखान्यात तो साचतो, म्हणून झाकण उघडून हवा खेळू द्या आणि नंतरच हात घाला. केबल सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

मोजमाप करताना इंजिन सुरू व्हायला नको, नुसते फिरायला हवे. त्यासाठी स्टॉप लिव्हर, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणारा दांडा, ओढून धरायचा. एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये किमान एक-दोन मिनिटे थांबा. ज्या बोटीत इंजिन थंड करणारे समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्येच सोडलेले असते, तिथे आणखी एक काळजी: इंजिन न पेटता वारंवार फिरले की ते पाणी बाहेर फेकायला धूर नसतो. ते सायलेन्सरमध्ये साठून मागे सिलिंडरमध्ये शिरू शकते. अशा बोटीत तपासणीपुरता समुद्राच्या पाण्याचा वॉल्व्ह बंद ठेवा आणि इंजिन सुरू करण्याआधी आठवणीने उघडा.

बॅटऱ्या: दोन्ही वेगवेगळ्या मोजा

24 व्होल्ट म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या. मीटर दोन्ही मिळून एकदाच लावला तर निम्मा दोष लपतो. रात्रभर काही चालू न ठेवता सकाळी प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजा. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. एक 12.7 आणि दुसरी 12.0 असेल तर बेरीज 24.7 येते. वरवर ठीक वाटणाऱ्या त्या आकड्यात एक बॅटरी जवळपास रिकामी असते.

तुमच्या प्रश्नात 'एक नवी टाकली' हे वाचून इथेच थांबावेसे वाटते. नव्या-जुन्याची जोडी 24 व्होल्टवर चालत नाही. अल्टरनेटर दोन्हींना मिळून 28 व्होल्टच्या आसपास देतो. तो 14-14 असा वाटला जाईलच असे नाही. एकीला जास्त मिळते, ती पाणी उकळते. दुसरी कायम उपाशी राहते आणि तिच्यावर सल्फेट चढते. सेल्फ मारताना प्रवाह दोघींतून एकच जातो, त्यामुळे जोडीची ताकद अशक्त बॅटरीइतकीच. बदलायच्या तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच अँपिअर-अवरच्या.

जोडी बिघडण्याचे दुसरे कारण आपल्याकडच्या बोटींवर सर्रास आढळते. व्हीएचएफ वायरलेस, मासे शोधणारा फिश फाइंडर, केबिनमधला दिवा, मोबाइलचे चार्जर ही 12 व्होल्टची उपकरणे एकाच बॅटरीवरून मध्येच वायर काढून चालवलेली असतात. ती एक बॅटरी रोज उतरते, दुसरी भरलेली राहते, आणि अल्टरनेटरला फक्त बेरीज दिसते. किती चांगल्या बॅटऱ्या टाका, सहा-आठ महिन्यांत तीच बाजू मरणार. ती वायर काढा आणि 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवा, नाहीतर त्या उपकरणांना वेगळी बॅटरी द्या. हे केल्याशिवाय पुढची कुठलीही दुरुस्ती टिकणार नाही.

पाण्याच्या बॅटरीत प्रत्येक घराची (सेलची) ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, हायड्रोमीटरने बघा. पूर्ण चार्ज झाल्यावर 1.240 ते 1.260 च्या दरम्यान यायला हवी. नेमका आकडा कोणता हे महत्त्वाचे आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सहा घरांत तो सारखा असणे. एक घर बाकीच्यांपेक्षा 0.050 ने खाली असेल तर ती बॅटरी गेली. चार्जिंगने ती परत येणार नाही. 1 जून ते 31 जुलै बोट ओढलेली असताना ज्या बॅटऱ्या बोटीतच, चार्ज न करता पडून राहिल्या, त्यांत हे हमखास दिसते. बंदीच्या काळात बॅटऱ्या घरी आणून महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज केल्या तर ही वेळ येत नाही.

आता भारावरचे, म्हणजे सेल्फ फिरत असतानाचे, मोजमाप. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर धरायचा. मीटरची टोके क्लिपवर नको, बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवा. फिरताना दोन्ही मिळून 19.2 च्या खाली जाता कामा नये. सुस्थितीतल्या बॅटऱ्या 21 च्या आसपास किंवा वर राहतात. मग एकेक करून बघा. एक 10.8 वर टिकली आणि दुसरी 8.9 वर घसरली, तर दोषी कोण ते ठरले.

केबल आणि जोड

बॅटऱ्या भारावर टिकल्या तरी सेल्फ जडच असेल, तर तो व्होल्टेज वाटेत कुठे हरवतो ते शोधायचे. यासाठी ओहममध्ये मोजून उपयोग नाही. एक मिलिओहम रोध साधा मल्टीमीटर दाखवूच शकत नाही, पण 400 अँपिअर वाहताना तेवढाच रोध 0.4 व्होल्ट खातो आणि त्या जोडावर 160 वॉट उष्णता तयार करतो. जोड घट्ट आहे, पाना लावून बघितला, हे म्हणणे म्हणून पुरेसे नसते. प्रवाह वाहत असताना व्होल्टचा ड्रॉप मोजणे हाच एक खात्रीचा मार्ग.

पद्धत सोपी आहे. सेल्फ फिरत असताना आधी सेल्फच्या जाड टर्मिनलपासून सेल्फच्या अंगापर्यंत व्होल्टेज घ्या. समजा बॅटरीच्या खांबांवर 22.1 होते आणि इथे 18.4 आले. म्हणजे 3.7 व्होल्ट वाटेत गेले. आता एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरे सेल्फच्या जाड टर्मिनलवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. इथे 1.2 आले. मग बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये 2.5. दोषाचा मोठा भाग निगेटिव्ह बाजूला आहे, हे दोन मिनिटांत कळले. 24 व्होल्टवर प्रत्येक बाजूचा ड्रॉप 1 व्होल्टच्या आत हवा, आणि कुठल्याही एका जोडावर 0.2 पेक्षा जास्त नको. दोष असलेल्या बाजूने मीटरचे टोक एकेक जोड पुढे सरकवत जा: खांब ते क्लिप, क्लिप ते केबल, मेन स्विचच्या अलीकडे-पलीकडे, थिंबल ते बोल्ट. जिथे आकडा उडी मारतो तिथे बिघाड.

निगेटिव्ह बाजू मुद्दाम उदाहरणात घेतली, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. लाकडी किंवा फायबरच्या बोटीत ट्रकसारखी लोखंडी चासी नसते. परतीचा सगळा प्रवाह एका केबलवरून येतो. ती केबल अनेकदा इंजिनच्या पायाच्या ब्रॅकेटला किंवा रंगवलेल्या एखाद्या बोल्टला लावलेली असते. तिथून प्रवाह ब्लॉक, फ्लायव्हील हाउसिंग आणि सेल्फची फ्लँज (इंजिनाला टेकणारी कडा) असा फिरत येतो. प्रत्येक सांध्यात रंग, गंज, गॅस्केटचा लेप. उपाय एकच: निगेटिव्ह केबल थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर आणा. फ्लँज आणि हाउसिंगचे तोंड चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, पुन्हा रंगवू नका, बसवल्यावर बाहेरून ग्रीस लावा. काही मरीन सेल्फना निगेटिव्हचे वेगळे टर्मिनल असते आणि अंग विजेपासून अलग ठेवलेले असते. तसा असेल तर मीटर अंगावर न लावता त्या टर्मिनलवर लावा, आणि त्याचे अंग केबलने इंजिनला जोडून टाकू नका.

केबल स्वतःही मरते. थिंबलजवळ आवरण दोन-तीन सेंटिमीटर सोलून बघा. तांबे लालसर चकाकले तर ठीक. काळे किंवा हिरवे दिसले, तर ओलावा आवरणाच्या आतून वर चढला आहे. चकाकणारे तांबे लागेपर्यंत कापत जा, आणि दोन वितीनंतरही काळेच निघाले तर केबल बदला. नवी घेताना कथिलाचा मुलामा दिलेले तांबे घ्या. थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. हातोडीने चेपलेले थिंबल आणि वेल्डिंगची अ‍ॅल्युमिनियम केबल, दोन्ही बोटीवर नकोत.

जाडीचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. बॅटरीपासून सेल्फपर्यंत 4 मीटर आणि परत 4, असे 8 मीटर धरा. 35 चौरस मिलिमीटरच्या तांब्यावर 400 अँपिअरला सुमारे 1.6 व्होल्ट जातात, 70 वर सुमारे 0.8. जोडांचे नुकसान वेगळे. बॅटऱ्यांची पेटी जागेसाठी मागे सरकवली आणि केबलला तुकडा जोडून लांब केली, अशा बोटीत सेल्फ त्या दिवसापासूनच जड झालेला असतो. 70 ची केबल घ्या आणि पेटी शक्य तेवढी इंजिनाजवळ ठेवा.

बॅटरीच्या खांबांवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, झाकणे बंद ठेवून. तो सोडा बॅटरीच्या घरात गेला तर अ‍ॅसिड मरते. खांब आणि क्लिप आतून घासा, घट्ट बसवा, मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून क्लिप बसवू नका.

सोलेनॉइडच्या (चावी फिरवल्यावर सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या स्विचच्या) दोन जाड टर्मिनलांमधला ड्रॉपही फिरतानाच मोजा. 0.3 च्या वर असेल तर आतले तांब्याचे संपर्क जळून खड्डे पडले आहेत. बऱ्याच सोलेनॉइडमध्ये संपर्काची चकती वेगळी मिळते. सेल्फ फिरतच नाही, नुसते टक-टक होते, ही तक्रार वेगळी. त्यात बहुधा केबिनमधल्या चावीपासून येणारी बारीक वायर दोषी असते, आणि इंजिनाजवळ एक रिले बसवला की काम होते.

इंजिन की सेल्फ: प्रवाह काय सांगतो

आता क्लॅम्प मीटर जाड केबलभोवती लावा. सहा सिलिंडरच्या अशा इंजिनाला फिरताना साधारण 300 ते 500 अँपिअर लागतात. सुरुवातीच्या क्षणी आकडा बराच वर जातो, तो सोडून द्या. स्थिर फिरतानाचा बघा, आणि तुमची बोट चांगली असतानाचा आकडा वहीत लिहून ठेवलेला असेल तर त्याच्याशी ताडा.

सेल्फच्या टर्मिनलवर व्होल्टेज पुरेसा, प्रवाह नेहमीपेक्षा बराच जास्त, तरी फिरणे जड: एकतर इंजिन अडतेय किंवा सेल्फ आतून घासतोय अथवा शॉर्ट आहे. टर्मिनलवर व्होल्टेज चांगला, प्रवाह कमी आणि फिरणे जड: सेल्फच्या आतच रोध आहे, म्हणजे कार्बन (प्रवाह आत नेणारे ब्रश) झिजलेले किंवा ते जिथे टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळा. टर्मिनलवर व्होल्टेजच कमी असेल तर सेल्फबद्दल काही बोलायचे नाही, आधी वरचा भाग पूर्ण करा. डिझेल इंजिन निव्वळ दाबाच्या उष्णतेवर पेटते. फेरे मिनिटाला शंभरच्या खाली गेले की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांवरून निसटते, थंड भिंतींना उष्णता देते आणि डिझेल पेटत नाही. म्हणून जड सेल्फ आणि सकाळचा पांढरा धूर बरोबर येतात. डिझेलचा पंप-नोझल उघडण्याआधी सेल्फचा वेग सुधारून घ्या.

इंजिनचा अडथळा ओळखायला केबल सोडवून ठेवा आणि फ्लायव्हील लोखंडी दांड्याने किंवा पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. पूर्ण दोन फेरे. दाबाच्या जागी जड आणि मधे सैल, असे तालात लागायला हवे. सगळीकडे सारखेच जड असेल तर पट्टे काढून पुन्हा बघा: अल्टरनेटरचे बेअरिंग, समुद्राच्या पाण्याचा पंप, विंचचा किंवा हायड्रॉलिकचा पंप यांपैकी काही जाम असू शकते. विंचचा क्लच पूर्ण सुटत नसेल तर प्रत्येक वेळी सेल्फ तोही ओढत असतो. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये असतानाही शाफ्ट फिरत असेल तर तिकडे बघा.

हाताने फिरवताना एका जागी ठप्प झाले, जराही पुढे जाईना, तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही; सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून मगच फिरवा.

आणखी एक खूण. स्टॉप लिव्हर ओढल्यावर इंजिन सहज फिरते, पण सोडल्यावर सेल्फ हिसके खातो, थबकतो, कधी उलटा धक्का बसतो. यात सेल्फचा दोष नाही. डिझेल वेळेआधी पडते आहे. डिझेलचा पंप नुकताच काढून बसवला असेल तर टायमिंग तपासा.

सेल्फ खोलायची वेळ आली तर

काढण्याआधी अंग आणि दोन्ही टोकांवर खुणा करा. हाउसिंगच्या भोकातून फ्लायव्हीलच्या रिंगचे दातही बघून घ्या. सहा सिलिंडरचे इंजिन बंद होताना ठरावीक तीन जागांपैकी एका जागी थांबते, म्हणून दात त्या तीन जागीच झिजतात. झीज मोठी असेल तर सेल्फ बाहेर असतानाच निर्णय घ्या.

उघडल्यावर पहिली नजर आर्मेचरच्या (आत फिरणाऱ्या भागाच्या) अंगावर. भोवतीच्या पोलच्या (लोखंडी चुंबकांच्या) तुकड्यांना घासल्याचे चकचकीत पट्टे दिसले तर शाफ्टला आधार देणारे बुश गेले आहेत. गार असताना कसाबसा फिरणारा आणि तापल्यावर आणखी जड होणारा सेल्फ बहुधा हाच. नवे बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात. बसवण्याआधी 24 तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. भोक मोठे करायला रीमर फिरवू नका, छिद्रे बुजतात आणि बुश कोरडा पडतो.

कार्बन नव्याच्या निम्म्यापेक्षा आखूड झाले असतील तर चारही बदला. खाचेत ते हाताने मोकळे सरकतात ना आणि स्प्रिंगला जोर आहे ना, हे बघा. खारट ओलाव्याने खाचेत अडकलेला कार्बन लांब असूनही कम्युटेटरला टेकत नाही. नवे बसवताना कम्युटेटरवर काचपेपर उलटा गुंडाळून, फिरवून त्यांचे तोंड गोल करून घ्या. कम्युटेटर साफ करायलाही काचपेपरच. एमरी पेपर वापरू नका, तिचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांमध्ये अडकतात. दोन पट्ट्यांमधला अभ्रक खोल करायचा की नाही हे सेल्फच्या मॉडेलवर आहे. काहींमध्ये तो कापायचा नसतो, म्हणून कंपनीचे पुस्तक बघितल्याशिवाय करवत लावू नका.

कम्युटेटरच्या टोकाशी कथिल वितळून उडालेले दिसले, तर सेल्फ कधीतरी खूप वेळ सलग मारला गेला आहे. आर्मेचर रिवाइंडिंगवाल्याकडे ग्राउलरवर (वेटोळी तपासणाऱ्या विद्युतचुंबकी यंत्रावर) तपासून घ्या: फिरवताना वर धरलेले हॅकसॉचे पाते थरथरले की वेटोळे शॉर्ट. कम्युटेटर आणि शाफ्ट यांच्यामध्ये मीटरने काहीच जोड दाखवता कामा नये. आत काळा चिकट लगदा असेल तर मागच्या सीलमधून ऑइल येते आहे. सील न बदलता सेल्फ साफ केला तर पुन्हा तेच.

जोडल्यावर बाकावर फिरवून 'मस्त फिरतो' यावर समाधान मानू नका. रिकाम्या सेल्फला इंजिनाच्या मानाने फारच थोडा प्रवाह लागतो, आणि अर्धे झिजलेले कार्बनही तो पुरवतात. बोटीवर बसवा, वरची सगळी मोजमापे पुन्हा घ्या: प्रत्येक बॅटरी भारावर, सेल्फच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज, दोन्ही बाजूंचे ड्रॉप, प्रवाह. हे पाच-सहा आकडे तारखेसह इंजिनच्या वहीत लिहा. पुढच्या वर्षी जुलैअखेर बोट पाण्यात ढकलण्याआधी तेच पुन्हा मोजले की समुद्रात जायच्या आधीच कुठला जोड बिघडतोय ते कळेल.